चिपीला उतरताना विमान तिरकं का येत होतं?

आंबोळी
नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवरच असते, त्यामुळे हा विषय चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

चतुर्थीला मुंबईहून चिपीला, म्हणजे सिंधुदुर्गच्या विमानतळावर आलो. मी, नवरा, लेक आणि सासूबाई. सासूबाई ७४ वर्षांच्या, विमानात पहिल्यांदाच. पंख्यांचं छोटं एटीआर विमान होतं. कुडाळच्या बाजूने वळून विमान समुद्राकडे तोंड करून खाली यायला लागलं. चाकं बाहेर पडल्याचा आवाज झाला, पाऊस होताच. मी उजव्या खिडकीत. खालची कौलं आणि माड खिडकीखालून सरळ मागे जायला हवेत ना? ते तिरके सरकत विमानाच्या पोटाखाली शिरत होते. म्हणजे नाक एकीकडे आणि आम्ही जातोय भलतीकडेच. एसटी घसरताना घाटात होतं ना, अगदी तसं. जमीन हाताला लागेल एवढी जवळ आली आणि अचानक इंजिनं केकाटली, आम्ही परत वर ढगात.

सासूबाईंनी तिथल्या तिथे वेतोबाला गाऱ्हाणं घातलं. मोठ्याने. मागच्या तीन रांगांनी 'व्हय म्हाराजा' म्हटलं, खोटं नाही सांगत.

पाचेक मिनिटांनी कॅप्टननी सांगितलं की वाऱ्याच्या झोतांमुळे अप्रोच, म्हणजे उतरण्यासाठी खाली येणं, स्थिर राहिलं नव्हतं, पुन्हा प्रयत्न करतोय. दुसऱ्या वेळीही विमान तिरकंच आलं. आधी डावीकडचं चाक धप्पकन टेकलं, मग उजवं, मग नाकाला एक हिसका बसून सरळ झालं. उतरलो एकदाचे.

आता घरात दोन पक्ष पडलेत. नवरा म्हणतो वैमानिक नवखा होता. दीर म्हणतात सड्यावर, म्हणजे उंच कातळपठारावर, विमानतळ बांधलाच कशाला. मला फक्त एवढंच कळून घ्यायचंय की विमान तिरकं आलं ही चूक होती की तसंच यायचं असतं? रविवारी परत जायचंय.

सातबारा
तीन रांगा 'व्हय म्हाराजा' म्हणाल्या म्हणजे विमानात सगळी आपलीच माणसं होती. चिंता नसावी.

पागी
मालवणीत लिवतंय, समजून घेवा.

ताई, तुमी देवबागातसून भोगव्याक होडयेन कधी गेलास? करलीच्या खाडीत सुकतीच्या (ओहोटीच्या) टायमाक पाण्याक काय वड असता ती बगा. समोर भोगव्याचो धक्को दिसता, पण नाळ, म्हणजे होडयेचा तोंड, धक्क्याकडे धरलास तर होडी थेट दर्यात जातली. म्हणान नाळ वयल्या अंगाक, पाण्याच्या उलट धरूची लागता. होडी दिसता वाकडी, पण जाता सरळ धक्क्यार. माझो बापूस डोळे मिटान न्हेय. काठार बसलेलो नवीन माणूस म्हणता, ह्येका होडी चलवक येना नाय.

तुमच्या नवऱ्याक सांगा, तो काठार बसलेलो माणूस.

निवृत्त_टॉवर
पागी, ३१ वर्षं टॉवरमध्ये काढली, पोरांना क्रॉसविंड, म्हणजे आडवा वारा, शिकवताना कितीतरी आकृत्या काढल्या. एवढं सोपं एकदाही जमलं नाही. उगाच फळा खराब केला.

आंबोळीताई, त्यांचं उत्तर शंभर टक्के बरोबर आहे. विमान हवेत असतं तेव्हा वारा त्याला बाजूने 'ढकलत' नाही, आपल्याला तसं वाटतं. हवेचा सगळा प्रवाहच सरकत असतो आणि विमान त्या प्रवाहात असतं, खाडीत होडी असते तसं. आत बसलेल्याला तो प्रवाह जाणवतसुद्धा नाही. जाणवते ती फक्त खाली सरकणारी जमीन, जी तुम्ही अचूक टिपलीत. डावीकडून, म्हणजे नैऋत्येकडून वारा होता. त्यामुळे नाक डावीकडे धरलेलं. त्यामुळे उजव्या खिडकीतून जमीन पोटाखाली येताना दिसली. खेकडा जसा तोंड एकीकडे आणि चाल दुसरीकडे ठेवतो, त्यावरून या चालीला वैमानिक 'क्रॅब' म्हणतात. चूक नाही. तसंच यायचं असतं.

सगळी पंचाईत असते ती शेवटच्या काही सेकंदांत. होडी पाण्यात असेपर्यंत वाकडी चालते, पण धक्क्याला लागताना नाळ सरळ नसेल तर फळी फुटते. विमानाचं तेच. चाकं धावपट्टीवर टेकली की विमान हवेचं उरत नाही, जमिनीचं होतं. चाकांना फक्त सरळ धावणं माहीत. नाक तिरकं ठेवून टेकवलं तर टायर आणि लँडिंग गिअरवर (चाकांच्या सांगाड्यावर) आडवा ताण येतो. गिअर बराच सोसतो, पण पावसाळ्यात आपल्याकडे ते नशिबावर टाकायची पद्धत नाही.

तिरकस
बरं वाटलं वाचून, पण मग वर कशाला गेले? सगळं नेहमीचंच होतं तर चाळीसेक लोकांच्या काळजाचा ठोका चुकवायची काय गरज होती?

तीन_पट्ट्या
एटीआरच उडवते, म्हणून बोलते. कंपनी विचारू नका.

न उतरता परत वर जाण्याला गो-अराउंड म्हणतात. प्रवाशांना वाटतं, गो-अराउंड म्हणजे वैमानिकाला जमलं नाही. कॉकपिटमध्ये त्याचा अर्थ एवढाच की ठरलेल्या उंचीला विमान ठरलेल्या चौकटीत नव्हतं. ढगातून उपकरणांवर येताना साधारण १००० फुटांवर, आणि सगळं स्वच्छ दिसत असेल तर ५०० फुटांवर, वेग, उतरण्याचा दर, रेषा, फ्लॅप (पंखांमागच्या झडपा), चाकं असं सगळं बसलेलं असायला लागतं. नसेल, किंवा त्यानंतर झोताने बिघडलं, तर वर जायचं. वाद नाही, चर्चा नाही. शेजारी बसलेल्या कनिष्ठाने 'गो-अराउंड' म्हटलं तरी कॅप्टनने जायचं. आमच्याकडे गो-अराउंड केल्याबद्दल कुणाला जाब विचारत नाहीत. स्थिर नसताना उतरलात तर मात्र विचारतात, विमान नीट उतरलं असलं तरी.

उलट सांगू का, ज्या कॅप्टननी वर नेलं त्यांच्याबरोबर मी माझ्या आईला बिनधास्त बसवीन.

आता ते 'आधी डावं चाक, मग उजवं, मग हिसका'. ते मुद्दाम असतं. धावपट्टीपासून वीसतीस फुटांवर आलं की उजवा पाय दाबून नाक धावपट्टीच्या रेषेत आणायचं. नाक उजवीकडे फिरताना डावा पंख पुढे येतो, वारा त्याच बाजूचा, तो पंख उचलला जाऊ पाहतो. म्हणून त्याच वेळी हाताने डावा पंख किंचित खाली दाबून धरायचा. पाय एकीकडे, हात दुसरीकडे. पहिल्यांदा शिकताना सायकल उलटी चालवल्यासारखं वाटतं. मग वाऱ्याकडचं चाक आधी टेकतं, नंतर दुसरं, शेवटी नाकाचं. तुम्ही वर्णन केलंत ते आमच्या पुस्तकातल्यासारखं आहे.

आणि 'धप्पकन' बद्दल. ओल्या धावपट्टीवर आम्ही अलगद उतरवायच्या भानगडीत पडत नाही. अलगद म्हणजे पाण्याच्या थरावर तरंगत जाणं. चाकाने पाणी फोडून डांबर पकडायला हवं. मऊ लँडिंगला टाळ्या मिळतात, पण पावसात धप्पकन बरं.

आंबोळी
अगं बाई, तुम्ही वैमानिक! खूप आभार. नवऱ्याला वाचायला दिलं, तो म्हणाला 'हं'. आमच्याकडे याला माफी समजतात.

पण हे सांगा, वारा किती असला की उतरायचंच नाही? काही आकडा असेल ना?

गणिताची_वही
आकडा आहे, पण नुसत्या वाऱ्याचा नाही, कोनाचा आहे. चिपळूणला ३० वर्षं नववी-दहावीला गणित शिकवलं. मुलं विचारायची, सर, साइन-कोसाइन आयुष्यात कुठे लागतं? हा धागा तेव्हा हवा होता.

धावपट्टीला जो आकडा असतो तो तिची चुंबकीय दिशा भागिले दहा. चिपीची धावपट्टी ०९/२७, म्हणजे एका टोकाकडून ९० अंश, पूर्वेकडे. दुसरीकडून २७० अंश, पश्चिमेकडे. तुम्ही कुडाळच्या बाजूने समुद्राकडे तोंड करून उतरलात, म्हणजे २७ वर. समजा वारा २४० अंशांवरून २८ नॉटने येत होता. (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किमी.) फरक ३० अंश. साइन ३० म्हणजे अर्धा. म्हणून बाजूने लागणारा वारा फक्त १४ नॉट. उरलेला बहुतेक वारा समोरून, साधारण २४ नॉट, आणि तो तर उपकारच करतो, कारण जमिनीच्या हिशेबाने विमान तेवढं हळू टेकतं.

वैमानिक म्हणे घड्याळ वापरतात. फरक १५ अंश तर पाव तास, म्हणजे वाऱ्याचा पाव भाग आडवा. ३० तर अर्धा. ४५ तर पाऊण. ६० च्या पुढे सगळाच आडवा धरायचा. ४५ चा खरा आकडा ०.७ आहे, पण चूक सुरक्षित बाजूला पडते, म्हणून मी गुण कापणार नाही.

आणि तिरकेपणाचा कोनही निघतो. एटीआर ११० नॉटच्या आसपास येतं असं धरलं तर १४ भागिले ११०, कोन साधारण ७ अंश. तेच एअरबस १३५ ने येत असेल तर ६ अंश. हळू चालणारं विमान त्याच वाऱ्यात जास्त वाकडं दिसतं. तुम्हाला एसटी आठवली ते त्यामुळेच.

तीन_पट्ट्या
सर, घड्याळाचं बरोब्बर. फक्त प्रत्यक्षात २८ सरळ नसतो, '१८, झोत ३२' असा असतो, आणि आम्ही झोताचा आकडा धरून हिशेब करतो.

मर्यादेबद्दल. एटीआर ७२ साठी कोरड्या धावपट्टीवर ३५ नॉट, एअरबसच्या ए३२० साठी झोत धरून ३८. ओल्या धावपट्टीवर आकडा खाली येतो, धावपट्टीवर पाणी साठलेलं असेल तर बराच खाली, आणि प्रत्येक कंपनी त्यातून आणखी कापते. नव्या कोपायलटला त्याहून कमी.

पण हा ३५ किंवा ३८ आकडा कुठून येतो ते मजेशीर आहे. विमानाला प्रमाणपत्र देताना चाचणी वैमानिकाला किमान २० नॉटच्या आडव्या वाऱ्यात विमान उतरवून दाखवावं लागतं. मोठ्या विमानांना २५ पर्यंत. त्याहून जास्त वारा मिळाला आणि उतरवून दाखवलं, तर तो आकडा पुस्तकात 'दाखवून दिलेला कमाल आडवा वारा' म्हणून छापतात. म्हणजे ३९ नॉटला ए३२० उलटेल असं कुणी सिद्ध केलेलं नाही. चाचणीच्या वेळी तेवढा वारा मिळाला, एवढंच. बहुतेक कंपन्या मात्र तोच आकडा लक्ष्मणरेषा मानतात, आणि मानावाच.

तिरकस
हेच मला खटकतं. 'तेवढाच वारा मिळाला' हा काय निकष झाला? हॅम्बुर्गचा व्हिडिओ बघा. पंख घासला होता जमिनीवर.

निवृत्त_टॉवर
चांगलं उदाहरण काढलंत, आणि तुमचा आक्षेप बिनबुडाचा नाही. १ मार्च २००८. एमा नावाचं वादळ. म्युनिकहून हॅम्बुर्गला आलेलं लुफ्थान्साचं ए३२०, आत सव्वाशेहून जास्त प्रवासी. वारा ३०० अंशांवरून ३३ नॉट, झोत ४७ पर्यंत. धावपट्टी घेतली २३. वहीकाका, करा हिशेब.

गणिताची_वही
३०० वजा २३० म्हणजे ७०. साइन ७० = ०.९४. झोताच्या ४७ चे ४४ नॉट आडवे. अहो, हे ३८ च्या वर जातंय!

निवृत्त_टॉवर
जातंय ना. आणि त्याच विमानतळावर ३३ क्रमांकाची धावपट्टीसुद्धा होती. तिच्याशी वाऱ्याचा फरक ३० अंश. निम्माच आडवा.

वारा उजवीकडून होता. डावं चाक टेकलं, विमान किंचित उडालं, आणि वाऱ्याकडचा उजवा पंख वर जाऊन डावा पंख धावपट्टीला घासला. त्यांनी वर नेलं, आणि दुसऱ्या वेळी ३३ वर व्यवस्थित उतरवलं. कुणाला खरचटलंही नाही. कोपायलट २४ वर्षांची मुलगी होती, तिच्या हातात विमान होतं, वर्तमानपत्रांनी तेवढंच धरलं. दोनेक वर्षांनी जर्मन चौकशी विभागाचा अहवाल आला त्यात वेगळ्याच गोष्टी निघाल्या. एक म्हणजे तिरकस म्हणतात तीच: 'दाखवून दिलेला कमाल वारा' म्हणजे मर्यादा की नुसती माहिती, हे पुस्तकांत नीट लिहिलेलं नव्हतं. दुसरी अशी की डावं चाक टेकताच विमानाच्या संगणकाला वाटलं आपण जमिनीवर आलो, आणि त्याने पंख सावरणाऱ्या पात्यांची हालचाल निम्म्यावर आणली. अजून अर्धं विमान हवेत असताना!

मी वर धक्क्याचं म्हटलं ना. हवा संपून जमीन सुरू होते तिथला तो एक सेकंद. संगणकालासुद्धा तिथे नेमकं कळेना आपण कुठे आहोत.

सातबारा
संगणकालाच कळेना तर मग माणूस कशाला, यंत्रानेच उतरवावं की सगळं.

तीन_पट्ट्या
उलटं आहे. ए३२० स्वतःहून उतरू शकतं, पण त्याची आडव्या वाऱ्याची मर्यादा २० नॉट. ते बनवलंय धुक्यासाठी, आणि धुकं असतं तेव्हा वारा नसतोच. दिल्लीच्या जानेवारीत यंत्र उतरवतं. कोकणच्या जुलैत माणूस.

पागी
वावझडीत खयचा यंत्र चलतला! पाऊस वयसून पडना नाय, बाजून मारता. घराच्या पुढच्या पडवेत झापां लावलेली असतत, तरी भितूर वाटीभर पाणी.

पण एक इचारूचा असा. उन्हाळ्यात दोनपारी दर्यावयलो वारो ह्योच जोरात असता. सकाळी होडी भायर काडताना मात्र जमनीवरचो वारो. मग इमान सकाळी एकीकडसून आनी दोनपारी दुसरीकडसून उतरता काय?

निवृत्त_टॉवर
उतरतं. तुमचंच वेळापत्रक विमानांना लागू. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. दिवसा जमीन तापते, समुद्रावरून वारा आत येतो. रात्री जमीन लवकर गार होते, वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो. म्हणून मुंबईला दिवसा बहुतेक वेळ विमानं पूर्वेकडून येऊन २७ वर उतरतात, आणि हिवाळ्यात उत्तररात्री वारा फिरला की कधी कधी उलट ०९ वर.

म्हणून आपल्या किनाऱ्यावरच्या मुख्य धावपट्ट्या पहा: मुंबई ०९/२७, चिपी ०९/२७, दाभोळी ०८/२६. सगळ्या जवळजवळ पूर्व-पश्चिम. योगायोग नाही. विमानतळ आखताना वर्षानुवर्षांच्या वाऱ्याच्या नोंदी मांडून धावपट्टीची दिशा ठरवतात. आंतरराष्ट्रीय नियम असा की निदान ९५ टक्के वेळ आडवा वारा मर्यादेत असला पाहिजे, आणि मोठ्या धावपट्टीसाठी ती मर्यादा २० नॉट. म्हणजे आंबोळीताई, तुमच्या दिरांना सांगा, सड्यावर बांधला हे खरं, पण वाऱ्याकडे तोंड करूनच बांधलाय. जुन्या घराची पडवी जशी वारा-पाऊस बघून काढायचे तशी. फक्त पडवी वाऱ्याकडे पाठ करते आणि धावपट्टी तोंड करते.

सड्याचा एक त्रास आहे खरा. समुद्रावरून येणारा वारा कड्याला आपटतो, वर चढतो आणि कडा ओलांडला की गोंधळतो. सपाट किनाऱ्यापेक्षा इथे हेलकावे जास्त.

तिरकस
आणि मुंबईची ती दुसरी धावपट्टी? ती तर पूर्व-पश्चिम नाही.

निवृत्त_टॉवर
आता खरं दुखणं काढलंत. १४/३२. मुख्य धावपट्टीला छेदून जाते, म्हणून दोन्ही एकदम वापरता येत नाहीत. १ जुलै २०१९ च्या रात्री आठवतं? धो धो पाऊस, जयपूरहून आलेलं विमान २७ वर उतरून टोकापलीकडे चिखलात गेलं. माणसं वाचली, पण विमान रुतलं आणि मुख्य धावपट्टी काही दिवस बंद. सगळी वाहतूक १४/३२ वर. आता जुलैचा नैऋत्येचा वारा २४० अंशांवरून धरा.

गणिताची_वही
३२० वजा २४० म्हणजे ८०. साइन ८० = ०.९८. सगळाच्या सगळा आडवा! जो वारा २७ वर निम्मा लागत होता तोच इथे पूर्ण. वर धावपट्टीही आखूड असणार.

निवृत्त_टॉवर
२८७१ मीटर, मुख्य धावपट्टी ३४४८. म्हणून त्या आठवड्यात रोज उड्डाणं रद्द होत होती, विमानं दुसरीकडे पाठवली जात होती, आणि लोक टीव्हीवर विचारत होते की दोन धावपट्ट्या असताना अडचण काय. अडचण ८० अंशांची होती. गेल्या जन्मी मी काय पाप केलं होतं म्हणून ते फोन घ्यायला बसलो होतो, कुणास ठाऊक.

निसर्ग वादळाच्या दिवशीही, ३ जून २०२० ला, बंगळूरहून आलेलं एक मालवाहू विमान १४ वरच टोकापलीकडे गेलं होतं.

आंबोळी
मला इतके दिवस वाटायचं मोठं विमान म्हणजे वाऱ्याला भीक घालत नाही आणि छोटं म्हणजे पतंग. तसं नाहीये तर?

तीन_पट्ट्या
थोडं आहे, थोडं नाही. एटीआर हलकं, त्यामुळे झोत जास्त जाणवतो. झोत हा प्रवाहाचा भाग नाही, अचानक आलेला धक्का आहे, तिथे होडीची उपमा संपते. शिवाय एटीआरची मुख्य चाकं पंखांखाली नसून पोटाच्या बाजूंना असतात, दोघांत अंतर सुमारे ४ मीटर. ए३२० मध्ये साडेसातच्या वर. गवताचा भारा भरलेली गाडी अरुंद चाकांवर कशी डुलते, तसं टेकल्यानंतरही आम्हाला पंख सावरत राहावं लागतं. विमान थांबेपर्यंत लँडिंग संपत नाही, हे आम्हाला घोकून घोकून शिकवतात. टेकल्यावर वेग कमी झाला की शेपूट वारा धरतं आणि नाक वाऱ्याकडे वळू बघतं, कौलावरच्या पत्र्याच्या कोंबड्यासारखं.

पण एटीआरचे पंख वर असतात, त्यामुळे वाऱ्याकडचा पंख खाली झुकवायला भरपूर जागा. एअरबसला पंखाखाली इंजिन, फार झुकवलं तर तेच घासेल. आणि चिपीची धावपट्टी २५०० मीटर. एटीआरला निम्मी पुरते. तिकडे दीरांची चिंता मिटली.

तिरकस
कोझिकोडलाही लांबी पुरेशी होतीच की.

निवृत्त_टॉवर
७ ऑगस्ट २०२०. विमान धावपट्टीपलीकडे जाऊन खाली कोसळलं, २१ माणसं गेली. तो आडवा वारा नव्हता, पाठचा वारा होता. पाठून वारा असताना धावपट्टी जणू आखूड होते. त्यात पाऊस, आणि चाकं टेकली तीही बरीच पुढे, धावपट्टीचा अर्ध्याच्या आसपास भाग मागे पडल्यावर. पुढे टेबलासारख्या पठाराची कड. आडव्या वाऱ्यात विमान बाजूला जातं, पाठच्या वाऱ्यात पुढे. मी नोकरीत असताना आडव्या वाऱ्याचं मला तितकं भय वाटलं नाही. तो दिसतो, विंडसॉक (वारा दाखवणारी कापडी पिशवी) ताठ होतो, वैमानिक सावध असतो. पाठचे ८-१० नॉट असले तरी कधी कधी लोक म्हणतात, चालतंय. तिथे मला धडकी भरायची.

आणि ओल्या धावपट्टीवर हे सगळं एकत्र येतं. चाक पाण्यावर तरंगायला लागण्याचा वेग काढायची जुनी रीत आहे: टायरमधल्या हवेचा दाब पीएसआयमध्ये (पौंड दर चौरस इंच) घ्या, वर्गमूळ काढा, ९ ने गुणा. २०० पीएसआय असेल तर १२७ नॉट. त्यावर वेग असेल आणि पाणी साठलेलं असेल, तर चाकाला डांबर लागतच नाही. ब्रेक नाही, आणि बाजूने धरूनही ठेवत नाही. अशा वेळी नाक वाऱ्याकडे वळलेलं असताना वैमानिकाने इंजिनांचा उलटा जोर लावला, तर तो जोर विमानाला मागे तर ओढतोच, पण वारा जिकडे वाहतोय त्या बाजूला धावपट्टीबाहेरही ओढतो. मग जोर कमी करून आधी नाक सरळ करायचं, हे त्या सेकंदाला सुचावं लागतं.

सातबारा
काका, ताईंना रविवारी परत जायचंय हो. जरा बेतानं.

आंबोळी
नाही नाही, मला उलट बरं वाटतंय. कळलं की भीती कमी होते माझी. सासूबाईंचं मात्र उलटं, त्यांना मी हॅम्बुर्गचं वाचून दाखवलं ती चूकच झाली.

आंबोळी
रविवार सकाळ. मोबाइलवर हवामान बघितलं. वारा नैऋत्येकडून, ३०. नैऋत्य म्हणजे २२५ ना? २७० वजा २२५ म्हणजे ४५. घड्याळाने पाऊण. आडवा वारा साडेबावीस! पाऊस पण आहे. तीन_पट्ट्या, हे उडतील का?

गणिताची_वही
पद्धत बरोबर, एकक चूक. मोबाइल ताशी किलोमीटर दाखवतो. ३० किमी म्हणजे १६ नॉट. त्याचे ०.७ म्हणजे ११. एकक न लिहिल्याबद्दल अर्धा गुण कापला.

तीन_पट्ट्या
११ ला आम्ही आडवा वारा म्हणतसुद्धा नाही. निघा. विमान वेळेवर येणं-न येणं ढग किती खाली आहेत त्यावर ठरेल, वाऱ्यावर नाही. पावसाळ्यात चिपीला जास्त वेळा तेच आडवं येतं.

पागी
आता धक्क्यार उबो असंय. वारो पडलोहा. पावसाची एक सर येवन गेली, आता उगाड.

आंबोळी
पोचलो. तिरकं वगैरे काही नाही, मुंबईत अगदी नाकासमोर उतरलं. मला थोडं चुकल्यासारखंच वाटलं, खरं सांगायचं तर.

आम्ही तिघंच आलो. सासूबाई रात्री कुडाळहून कोकणकन्येने येतायत, दीर सोबत आहेत. दुपारी त्या आरवलीला जाऊन वेतोबाला केळ्यांचा घड देऊन आल्या. गाऱ्हाण्यात दोन घड बोलल्या होत्या म्हणे, दुसरा कुणाचा विचारलं तर म्हणाल्या, 'त्या ड्रायव्हराचो.' तो आता घरी ओटीवर ठेवलाय. तीन_पट्ट्या, चिपीला येणं झालं तर घेऊन जा, पण लवकर, पिकत आलाय.